अशोकराव, प्रिंटर मी बिघडवला होता

अशोकराव,

तुमच्या हयातीत मी तुमच्या नावापुढे 'राव' लावला नाही. तुम्ही चाळिशी ओलांडली होती, तरी माझ्या तोंडी 'अशोक, इकडे ये' आणि राग आला की नुसते 'भिंगारदिवे' असेच असे. दिवाणी न्यायालयात कारकुनापासून शिरस्तेदारापर्यंत मी बत्तीस वर्षे नोकरी केली. कोणास कसे संबोधावे याचे पाठ मी हाताखालच्या माणसांना दिलेले आहेत. तेव्हा हे अनवधानाने घडले असे म्हणण्याची सोय मला उरलेली नाही.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. तुमचा जन्म कोठला, शिक्षण किती, मागे परिवार कोणता, हे लिहिणारे लिहितील. मला तुमच्याशी एका प्रिंटरविषयी बोलायचे आहे. ज्या साप्ताहिकाने वाचकांच्या पत्रव्यवहारात तुमच्याविरुद्धचे माझे पत्र छापले, त्याच साप्ताहिकाकडे हा मजकूर पाठवीत आहे. ते पत्र ज्यांनी वाचले त्यांनी हेही वाचावे, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगाव्या लागत आहेत. त्याबद्दल माफ करा.

पारनेरला न्यायालयासमोरच्या गल्लीत माझे अर्जलेखनाचे कार्यालय आहे. एक खोली, एक संगणक, टंकलेखनाला मंदाताई, आणि सरकारी लिलावातून घेतलेला तो रुंद, जुना, नऊ सुयांचा डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर. मंदाताई त्याला गिरणी म्हणत. तो सुरू झाला की बाहेरच्या बाकावरची माणसे आपले दळण निघाल्यासारखी उठून उभी राहत. त्या गिरणीचे डॉक्टर तुम्ही होता. रिबन सुकली म्हणून तुम्ही कधी नवी आणवली नाही. शिक्क्याच्या पॅडची शाई, त्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, आणि बोटे काळी करून घेत तुम्ही ती पुन्हा पाजत असा. एकदा अशीच रिबन भरताना माझा अर्ज तुम्ही वाचलात आणि म्हणालात, "साहेब, येवढं लांब वाक्य! गिरनीला दम लागतो. मधी कुठंतरी थांबा की."

मी म्हणालो, "कायद्याचे वाक्य मध्येच तोडले की पळवाट निघते."

"मग पळू द्या की एखाद्याला!"

मंदाताई तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसलो नाही. मनातून हसलो होतो, पण ते तुम्हाला दिसू दिले नाही. माणसाला आपले हसू दाखवण्यातही मी कसली प्रतिष्ठा राखत होतो, ते आज मला सांगता येत नाही.

नवी विंडोज प्रणाली घालायचा हट्ट माझा होता. हे ग्राहक मंचातल्या माझ्या तक्रारीत नाही; तेथे 'सामनेवाला', म्हणजे तुम्ही, 'याच्या सल्ल्यावरून' असे लिहिले आहे. ते खोटे आहे. तुम्ही तर म्हणाला होता, "साहेब, चालतंय ना? मंग चालू द्या. जुनी सिस्टीम आनि जुना प्रिंटर एकमेकाला वळखत्यात. नवी आली तर ती ह्याला वळखायची न्हाई."

"नगरच्या वकिलांकडे सगळीकडे आली. आपणच मागे राहायचे?"

"मागं ऱ्हायलं तर कोन मारतंय का?" असे म्हणून तुम्ही पेचकस खिशातून काढलाच. तुमचा विरोध तेवढाच असे. सांगायचे ते सांगून झाले की तुम्ही समोरच्याच्या मर्जीचे काम आपल्या सगळ्या ताकदीनिशी करीत असा.

ती प्रणाली घालायला अर्धा दिवस पुरला. पुढचे तीन दिवस गिरणीने घेतले. नव्या प्रणालीत प्रिंटरांच्या नावांची एक लांबलचक यादी असते. आपला प्रिंटर कोणता ते त्या यादीतून निवडून सांगावे लागते, म्हणजे संगणक त्याच्याशी त्या रीतीने बोलतो. आमच्या गिरणीचे नाव त्या यादीत नव्हते. तिच्याच कंपनीच्या एका नव्या प्रिंटरचे होते. तुम्ही पहिल्यांदा तेच निवडून पाहिले, आणि कागदावर कावळ्याच्या पायांसारख्या खुणा उमटल्या. "कंपनी एकच हाय, पन त्या प्रिंटरला सुया चोवीस. आपल्याला नऊच. त्याची बोली हिला कळायची न्हाई," असे तुम्ही मला तेव्हाच समजावून सांगितले होते. मी मान डोलावली होती. अशोकराव, मी ऐकले होते; कळले नव्हते असे मला म्हणता येणार नाही.

मग तुम्ही यादीतले एकेक नाव घेऊन बसलात. एक नाव निवडायचे, एक कागद छापायचा, पाहायचा, बाजूला ठेवायचा. पडद्याकडे तुमचे लक्ष नसे. प्रिंटरच्या झाकणावर तळहात ठेवून तुम्ही मान कलती करून ऐकत असा. तिसऱ्या दिवशी दुपारी भलत्याच कंपनीच्या कुठल्या तरी जुन्या प्रिंटरचे नाव तुम्ही निवडले, आणि हात न काढता म्हणालात, "ऐका साहेब. आता सरळ चालतोय." कागद बाहेर आला. 'मौजे पारनेर, तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर' ही ओळ, वेलांटी-उकारांसकट, एकही मात्रा न ढळता. तुम्ही तो कागद मंदाताईंना दिला, मला नाही. बरोबर केलेत. त्या म्हणाल्या, "अशोकभाऊ, जिंकलात!" आणि मी म्हणालो, "समास थोडा डावीकडे गेला आहे."

समास मुळीच डावीकडे गेलेला नव्हता.

पुढचे चार दिवस सगळे सुरळीत चालले. पाचव्या दिवशी मंदाताईंच्या मागे उभा असताना पडद्यावर मला ते परक्या कंपनीचे नाव दिसले. माझे डोके फिरले. न्यायालयात दाखल होणारा कागद, आणि तो छापणारे यंत्र आपले नाव खोटे सांगते! हे ज्याला हास्यास्पद वाटेल त्याने हसावे. मला ते तोतयेगिरीचे कृत्य वाटले. मंदाताई म्हणाल्या, "साहेब, अशोकभाऊंनीच लावलंय ते. राहू द्या ना."

"सातबाऱ्यावर भलत्याचे नाव लागले तर आपण दुरुस्तीचा अर्ज देतो की नाही? ही नावातली दुरुस्ती आहे. करा."

त्यांनी माझ्या सांगण्यावरून खऱ्या कंपनीचे नाव निवडले. चोवीस सुयांच्या प्रिंटरचे. कंपनीचे नाव खरे, आणि बाकी सगळे खोटे.

दुसऱ्या दिवशी खर्ड्याहून एक पक्षकार आले होते. मुदतीचा शेवटचा दिवस होता. गिरणीने पानामागून पान कावळ्याचे पाय ओकले. ते गृहस्थ कागद उलटा करून पाहू लागले, आणि बाकावर बसलेली माणसे हसली. तो अर्ज शेवटी मी हाताने लिहून दिला, आणि लिहिता लिहिता माझा राग एकेका ओळीने तुमच्याकडे वळत गेला. सायंकाळच्या आत मी पंचनामा केला. समोरचा चहावाला आणि शेजारचा शिंपी हे पंच. प्रिंटर पांढऱ्या कापडात बांधून गाठीवर लाख ओतून माझ्या नावाचा ठसा उमटवला. चहावाल्याने विचारले, "साहेब, ह्यानं खून केलाय व्हय?" मी त्याला सही करायला सांगितले.

पंचनाम्याच्या आधारे ग्राहक मंचात तक्रार दाखल केली, आणि तिच्यासोबत शपथपत्र. त्यात एक वाक्य आहे, ते येथे जसेच्या तसे उतरवतो: 'तक्रारदाराने अगर त्याच्या कार्यालयातील कोणाही इसमाने सदर यंत्रसामग्रीत वा तिच्या मांडणीत कोणताही फेरफार केलेला नाही.' हे मी शपथेवर लिहिले. लिहिताना मला ते खरे वाटत होते. नावाची दुरुस्ती हा माझ्या लेखी फेरफार नव्हता.

अर्थात माझ्या जन्मभराच्या सवयीप्रमाणे खाली 'प्रत माहितीसाठी' होतेच. तुम्ही नगरच्या ज्या संस्थेत शिकलात ती संस्था, आपल्या गावचे व्यापारी मंडळ, हे साप्ताहिक, आणि साखर कारखान्याचे कार्यकारी संचालक. कारखान्याच्या संगणक विभागात तुम्ही हंगामी होता आणि कायम करण्याचा आदेश तयार होत होता, हे मला ठाऊक होते. तुम्हीच पेढा देऊन सांगितले होते.

तीन दिवसांनी तुम्ही आलात. नोटीस तुम्हाला मिळालेली नव्हती. प्रिंटर बिघडल्याचे मंदाताईंकडून कळले म्हणून आला होता, पेचकस घेऊन. उंबरठ्यातच तुम्हाला ते पांढरे गाठोडे दिसले.

"हे काय, साहेब?"

"मुद्देमाल आहे. हात लावायचा नाही."

तुम्ही हात मागे घेतला. गाठोड्याकडे नाही, संगणकाच्या पडद्याकडे पाहिलेत, आणि अगदी साधेपणाने विचारलेत, "यादीतलं नाव बदललं का कुनी?"

मंदाताईंचे टंकलेखन थांबले. आणि मला कळले, अशोकराव. त्याच क्षणी, सगळेच्या सगळे. नऊ आणि चोवीस, तुमचा झाकणावरचा हात, माझी डोलावलेली मान. एक वाक्य बोललो असतो तर पुढचे काहीही घडले नसते. पण शपथपत्र दोन दिवसांपूर्वी दाखल झालेले होते. मी शपथेवर खोटे बोललो असे ठरणार होते. इतरांची शपथपत्रे जन्मभर तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाने. म्हणून मी तुमच्या प्रश्नाला उत्तर न देता उलट विचारले, "तुझ्याकडे या कामाचे प्रमाणपत्र आहे का?"

"नगरला शिकलो ना मी, साहेब. टाइपरायटरपासनं."

"तोंडी नको. कागद दाखव."

तुम्ही वर पाहिलेत. डोक्यावर पंखा फिरत होता. त्याच महिन्यात त्याची वायर बदललेली होती. तुम्ही म्हणालात, "ह्या पंख्याच्या मानसाला मागितला हुता का कागद?"

तुमच्या आवाजात राग नव्हता. खरेच जाणून घ्यावे अशा स्वरात विचारलेत, आणि उत्तराची वाट पाहत थोडा वेळ उभे राहिलात. मी फाइल उघडली. तुम्ही चपला घातल्या आणि गेलात.

उत्तर आत्ता देतो. नाही, मागितला नव्हता. पंखेवाला माझ्या आळीतला. त्याच्या बापाच्या मांडीला मांडी लावून मी पंगतीत बसलेला आहे. तुमचे आडनाव मला ठाऊक होते, तुमचे घर विहारामागे आहे हे ठाऊक होते, आणि तेवढ्यावरून माझ्या मनाने कागद मागितला. त्या वेळी मी स्वतःला सांगितले की ही कायदेशीर दक्षता आहे. हे तक्रारीपेक्षाही मोठे खोटे होते, आणि त्यासाठी मला कोणी शपथही घातलेली नव्हती.

नंतर तुम्ही आणखी एकदा आलात. चेहरा उतरलेला होता, डोळे पिवळट दिसत होते. ऊन लागले असेल असे मला वाटले. उभ्या उभ्याच बोललात. "साहेब, तक्रार ऱ्हाऊ द्या. तिथं काय व्हायचं ते हुईल. पन कारखान्याला पाठवलेली प्रत तेवढी मागं घ्या. आर्डर सायबाच्या टेबलावर आडून बसलीया. तुमचं पत्र फाइलीत हाय म्हनून सही करीनात."

मी म्हणालो, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

केवळ एवढेच. तुम्ही 'बरं' म्हणालात. तुम्ही वळल्यावर मंदाताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "साहेब, सांगून टाका की. मी सांगू का?" मी त्यांना त्यांच्या नोकरीची आठवण करून दिली. होय, तेही मी केले. आज त्या माझ्याकडे काम करतात ती त्यांची थोरवी आहे, माझा हक्क नव्हे.

तुम्ही नगरच्या दवाखान्यात असल्याचे मला अकरा दिवस ठाऊक होते. रोज सकाळी एस.टी.चे वेळापत्रक पाहत होतो. आज नको, सुनावणीनंतर जाऊ. विरुद्ध पक्षाला भेटणे औचित्याला धरून होणार नाही. औचित्य! कावीळ हटत नाही असे मंदाताई सांगत, आणि मी मान हलवून पुढचा अर्ज सांगू लागे. एका सकाळी त्या उशिरा आल्या आणि खुर्चीत न बसता म्हणाल्या, "अशोकभाऊ गेले."

मी त्यांना घरी जायला सांगितले. आतून कडी लावली आणि ती लाख फोडली. कापड सोडले. यादी उघडता येण्याइतके मला येते; तुम्हीच शिकवले होते. ते परके नाव शोधले, निवडले. गिरणीने पहिलाच कागद सरळ काढला. मी झाकणावर हात ठेवून पाहिला. तुम्हाला काय ऐकू येत होते ते मला ऐकू आले नाही.

त्याच प्रिंटरवर मी मंचाकडे अर्ज छापला. तक्रार मागे घेत असल्याचा, आणि शपथपत्रातले ते वाक्य व सल्ल्याचे ते विधान खोटे असल्याचा, जी कारवाई होईल ती मान्य असल्याचा. मग कारखान्यात गेलो. तेथील कार्यालयीन अधीक्षकांना विनंती केली की माझे पत्र फाइलीतून काढून मला परत द्यावे. ते म्हणाले, "काका, आवक झालेला कागद काढता येत नाही. तुम्हालाच काय सांगायचं?" खरेच, मला काय सांगायचे! हाच नियम मी स्वतः बत्तीस वर्षे लोकांना ऐकवला. त्यांनी फाइल उघडून दाखवली. तुमच्या नेमणुकीचा आदेश टंकलिखित, तारखेची जागा कोरी. त्याच्यावर माझे पत्र, टाचणीने लावलेले.

तुमच्या घरी जायला मला आणखी दोन दिवस लागले. तुमच्या पत्नी विमलताई दारातच बसलेल्या होत्या. मंचाकडच्या त्या अर्जाचा कागद मी पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"वाचून दावा."

मी वाचले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "पयलं पत्र कुठं कुठं धाडलं हुतं?"

मी ठिकाणे सांगितली.

"मंग हे बी तितं तितं धाडा. एक बी सोडू नका. आनि परवा विहारात पुन्यानुमोदनाला या. सगळे असत्याल. त्यांच्यापुढं वाचा."

"ताई, लेखी दिले आहे, ते अधिक..."

"लेखी तुमचं लई झालं," त्या म्हणाल्या.

सर्व ठिकाणी प्रती रवाना केल्या. व्यापारी मंडळाने पोच दिली, बाकीच्यांनी अजून नाही. आणि काल मी विहारात गेलो. वंदना झाली, दोघे-तिघे तुमच्याविषयी बोलले. कोणाचा रेडिओ, कोणाचा पंप, शाळेतला टाइपरायटर. एका बाईने सांगितले की तुम्ही तिच्या शिवणयंत्राला हात लावला आणि परत कधी ते अडले नाही. तुम्ही इतक्या घरांत होता हे मला माहीत नव्हते. मग विमलताईंनी माझ्याकडे पाहिले. मी उठलो.

न्यायालयात मी हजारो कागद मोठ्याने वाचलेले आहेत. हा दीड पानांचा कागद वाचताना माझा आवाज मला ओळखू येईना. मंदाताई बायकांत बसल्या होत्या. त्यांच्या हातून करवून घेतलेला बदल माझ्या हुकमाने झाला असे मी वाचले तेव्हा त्यांनी खाली पाहिले. पंख्याचा भाग मी त्या कागदात नंतर हाताने लिहून घातला होता. तोही वाचला. कोणी उठून गेले नाही. मी कागदाची घडी घातली.

तेव्हा पुढे सतरंजीवर भिंतीला टेकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी काठी उचलली. पांढरे धोतर, पांढरी टोपी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. ते तुमचे वडील, हे मला कोणी सांगण्याची गरज पडली नाही; मान कलती करून ऐकण्याची तीच लकब.

"वाचून झालं का?" त्यांनी विचारले.

"झाले."

"मला कमी ऐकू येतं," ते म्हणाले. "माझ्या लेकाचं हाय ना? फुडं या. हितं, माझ्यापशी बसा. आनि पुन्यांदा वाचा. दमानं."

अशोकराव, मी त्यांच्यासमोर खाली बसलो, घडी उलगडली, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागलो, मोठ्याने. मध्येमध्ये ते हात वर करून मला थांबवत, आणि मी तेच वाक्य परत वाचत असे.